शेंगदाणे घातले की झाले का प्रथिनांचे पोहे?

कांदेपोहे पौष्टिक करण्याची सध्या मोठी धांदल चालू आहे. कुणी त्यांत ओट्स मिसळतं, कुणी क्विनोआचेच ‘पोहे’ करतं, कुणी बशीशेजारी पावडरचा पेला ठेवतं. आधी हिशेब मांडू. पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळ. 100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण 7 ग्रॅम प्रथिनं असतात आणि एका माणसाच्या बशीत 50-60 ग्रॅम कोरडे पोहे पडतात. म्हणजे हाती लागतात 4 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा नाश्त्यातून यावा असं म्हटलं, तर बशीत 15 ग्रॅम हवीत.

‘आम्ही शेंगदाणे घालतो की!’

हा सर्वांत लाडका गैरसमज. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर असतात, 100 ग्रॅमला 24-25. पण पोह्यांत 100 ग्रॅम दाणे कोण घालतं? एका बशीच्या वाट्याला चमचाभर, म्हणजे 10 ग्रॅम दाणे येतात. त्यातून मिळतात अडीच ग्रॅम. मूठभर घातले तर 7 ग्रॅम मिळतील, पण त्यांच्याबरोबर 12 ते 15 ग्रॅम तेलही पोटात जाईल. दाण्याचा मोठा भाग तेलाचाच असतो. शेंगदाणा खावा, चवीला तर हवाच, पण 15 ग्रॅमांचा भार त्याच्यावर टाकू नये. दडप्या पोह्यांतल्या ओल्या नारळाचंही तेच: चव अप्रतिम, प्रथिनं नाममात्र.

‘लाल पोहे घेतले की प्रथिनं वाढतात’

वाढतो तो कोंडा, म्हणजे तंतुमय भाग. प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. क्विनोआत ती पोह्यांच्या जवळपास दुप्पट असतात हे खरं, पण तोही बशीत 50 ग्रॅमच पडणार आणि सातच ग्रॅम देणार. त्यासाठी तिप्पट-चौपट पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

‘मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात’

होत नाहीत. मोड येताना कडधान्य पाणी पितं, फुगतं, वाटी भरल्यासारखी दिसते. 30 ग्रॅम कोरड्या मुगात जी 7 ग्रॅम प्रथिनं होती, ती मोड आल्यावरही तेवढीच राहतात. उलट वजनाला वजन तोललं तर मोडाच्या मुगात प्रथिनं कमीच भरतात, कारण निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. मोडांचा फायदा वेगळा आहे: क जीवनसत्त्व वाढतं, फायटेट कमी होतं आणि कडधान्य पचायला सोपं जातं. तेव्हा मोड जरूर आणा, फक्त मोजताना कोरडं कडधान्य धरा. माणशी पाव वाटी कोरडे मूग पुरतात.

आणि ते वाफवल्यानं प्रथिनं ‘मरत’ नाहीत. उष्णतेनं प्रथिनांची घडी मोडते, त्यामुळे पाचकरसांना ती फोडणं सोपं जातं.

‘भात आणि डाळ एकाच घासात हवी, नाहीतर प्रथिनं अपुरी’

तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात ते भरपूर असतं; जोडी खरोखर चांगली आहे. पण ती एकाच ताटात जमलीच पाहिजे असं नाही. ही कल्पना जगभर पसरवली फ्रान्सिस मूर लापे यांच्या 1971च्या पुस्तकानं, आणि 1981च्या आवृत्तीत त्यांनीच ती मागे घेतली. दिवसभरात दोन्ही खाल्लं की पुरतं.

नागपूरकरांनी तर हे कधीच जुळवून टाकलंय. तर्री पोह्यांत पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा पडतो. टपरीवर रस्सा जास्त आणि हरभरे मोजून, ही तक्रार रास्त आहे. घरी मात्र माणशी 30 ग्रॅम कोरडे हरभरे भिजवून शिजवले, तर साधारण 6 ग्रॅम प्रथिनं सहज वाढतात. पुण्यातल्या मिसळीत तळाशी पोहे आणि वर मटकीची उसळ असते, तिथंही तेच तत्त्व. फरसाण आवरलं की झालं.

‘सोयाबीन पुरुषांनी खाऊ नये’

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनची रचना स्त्रीसंप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती असते, तिथून ही भीती आली. पण आजवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केल्यावर पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा परिणाम आढळलेला नाही. तेल काढून उरलेल्या सोयापिठाच्या वड्या बनतात, त्यामुळे त्यांत स्निग्धांश नगण्य आणि प्रथिनं 100 ग्रॅमला 50च्या घरात. 20 ग्रॅम चुऱ्यात 10 ग्रॅम! एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

‘अंड्याचा पिवळा बलक काढून टाकायचा’

एका अंड्यातल्या 6 ग्रॅम प्रथिनांपैकी 40 टक्क्यांहून अधिक बलकात असतात. टाकू नका.

आता करायचं कसं? पोहे कमी करा: माणशी 60 ऐवजी 40 ग्रॅम. मोडाचे मूग कांद्याबरोबर फोडणीत घालून, मीठ टाकून, झाकणाखाली पाचेक मिनिटं वाफवा. बोटचेपे झाले पाहिजेत, पिठूळ नाही. मुगाला पाणी सुटतं, म्हणून पोहे चाळणीत नीट निथळू द्या, नाहीतर लगदा होतो. सोयाचा चुरा असेल तर गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा आणि कांद्याबरोबर चांगला परता. उग्र वास तिथंच जातो. पनीर घालायचं असेल तर शेवटी किसून घाला, परतत बसलात तर चिवट होतं. पोहे, मूग आणि नेहमीचे दाणे मिळून बारा-साडेबारा ग्रॅम होतात, शेजारी एक उकडलेलं अंडं ठेवलं की अठराच्या वर. अंडं न खाणाऱ्यांनी वाटीभर दही घ्यावं, 4-5 ग्रॅम मिळतील.

पावडरची गरज राहत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहार मार्गदर्शिकेतही प्रथिनांच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. आणि ‘प्रथिनं वाढवली की किडनी जाते’ ही भीतीही निरोगी माणसाला लागू नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आधीच आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातला एकही बदल करू नये.