नवसाचा किनारा

कोकणच्या खाड्यांच्या आश्रयाने आणि मृगाच्या पावसाच्या भरवशावर वाढलेल्या मराठी माणसाला कावेरीच्या मुखाजवळचा चोळमंडलाचा किनारा प्रथमदर्शनी काहीसा उघडाबोडका वाटण्याचा संभव आहे. पाठीशी सह्याद्रीसारखा डोंगर नाही, हजारो वर्षांच्या गाळाने घडलेली भूमी तळहातासारखी सपाट आहे, आणि जो पाऊस आपल्याकडे आषाढ-श्रावणात कोसळून भाद्रपदात ओसरू लागतो, तो तेथे आश्विन-कार्तिकात, ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन, पुष्कळदा चक्रीवादळालाच बरोबर घेऊन येतो. परंतु तंजावराहून निघून तरंगंबाडी, नागूर, नागपट्टिणम आणि वेळांकण्णी अशी दक्षिणेकडे उतरत जाणारी वाट जो सावकाश चालेल, त्याच्या ध्यानात येईल की या उघडेपणातूनच तेथील लोकाचार जन्माला आला आहे.

याचे कारण थोडे उलगडून सांगितले पाहिजे. या किनाऱ्यावर गलबतांना वादळात आसरा घेता येईल असे नैसर्गिक बंदर जवळजवळ नाहीच. जुन्या काळी मोठी जहाजे दूर खोल पाण्यात, चहूबाजूंनी उघड्या समुद्रात, नांगर टाकून उभी राहत. आणि तेथून माल व माणसे किनाऱ्याला आणण्याचे काम काथ्याने फळ्या शिवलेल्या, एकही खिळा न मारलेल्या मसुला नावाच्या होड्या करीत, कारण खिळ्यांनी ताठ जोडलेली होडी त्या फुटणाऱ्या लाटांत टिकत नसे, तर शिवलेली होडी लाटेबरोबर लवत असे. अशा ठिकाणी दर्यावर्दी माणूस, मग तो कोळी असो, मरक्कायर म्हणजे तमिळ मुसलमान व्यापारी असो किंवा पोर्तुगीज खलाशी असो, संकटसमयी नवसाखेरीज दुसरे काय करणार? आणि ज्या समुद्राने सर्वांना एकच भय दिले, त्याच्या काठी फेडले जाणारे नवसही एकमेकांचे सख्खे भाऊबंद निघाले, यात नवल ते कोणते!

त्यांतील अग्रस्थान निःसंशय नागूरच्या दर्ग्याचे. सोळाव्या शतकात उत्तरेकडून या किनाऱ्यावर येऊन राहिलेले सूफी सत्पुरुष शाहुल हमीद यांचे हे समाधिस्थान. तंजावरचा अच्युतप्पा नायक एका असाध्य व्याधीने अंथरुणाला खिळला असता राजवाड्यात कोठेतरी टाचण्या टोचून ठेवलेले एक कबूतर या अवलियाने शोधून काढले, एकेक टाचणी उपसली, आणि राजा बरा झाला. त्या कृतज्ञतेपोटी नायकाने त्यांना जमीन दिली, अशी कथा तेथे सांगितली जाते. दुसरी कथा समुद्राची आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी जहाजाच्या तळाला भोक पडले असता, त्या वेळी दाढी करवून घेत बसलेल्या या सत्पुरुषांनी हातातील आरसा दूर भिरकावला आणि तो नेमका त्या भोकावर जाऊन बसला! या कथांची ऐतिहासिक सत्यता शोधण्यात अर्थ नाही. त्यांतून लोकांना काय हवे होते ते मात्र स्वच्छ दिसते, आणि तमिळ मुसलमान व्यापारी मलाया द्वीपकल्पात गेले तेव्हा त्यांनी पिनांग आणि सिंगापूर येथेही नागूरच्या नावाने दर्गे का उभारले, याचा उलगडा होतो. सिंगापूरचा दर्गा 1828 ते 1830 या काळात बांधला गेला.

दर्ग्याला पाच मनोरे आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच, 131 फुटांचा मनोरा तंजावरच्या भोसले घराण्यातील प्रतापसिंह महाराजांनी बांधविलेला आहे. 1739 ते 1763 एवढा काळ राज्य केलेल्या या राजाने पुत्रप्राप्तीसाठी नवस बोलला होता आणि तो फळास आल्यावर हा मनोरा उभा राहिला, असे परंपरा सांगते; त्यांचे पुत्र तुळजाजी महाराज यांनीही दर्ग्याला जमिनी इनाम दिल्या. शहाजीराजांच्या वंशातील, बृहदीश्वराच्या छायेत राज्य करणाऱ्या राजाला हे करताना आपल्या धर्मनिष्ठेला बाध येतो असे वाटले नाही, आणि मला तर ही गोष्ट तंजावरच्या मराठी राज्याच्या भूषणांपैकी एक वाटते.

दर्ग्याच्या वाटेवरील दुकानांत पत्र्याचे लहान लहान चौकोनी तुकडे विकायला असतात. त्यांवर ठोकून उठविलेल्या आकृती असतात: कोठे हात, कोठे डोळा, कोठे पाळण्यातले मूल, कोठे घर, तर कोठे शिडाची होडी. ज्याचे जे दुखणे किंवा जी इच्छा, तो तो पत्रा भाविक वाहतो, आणि हे भाविक बहुसंख्येने हिंदू असतात. जुमादिलाखर महिन्यात कंदुरीचा उत्सव चौदा दिवस चालतो; त्यासाठी नागपट्टिणमहून जहाजाच्या आकाराच्या रथांतून निशाणे मिरवीत आणून पाचही मनोऱ्यांवर चढविली जातात, आणि पुढे एका रात्री चंदनाचा घडा वाजतगाजत येऊन समाधीला लेप चढतो.

नागपट्टिणमच्या दक्षिणेला, नागूरपासून वीस किलोमीटरांच्या आतच, वेळांकण्णीच्या आरोग्यमातेचे देवालय आहे. आणि तेथील मूळकथा ऐकताना नागूरचीच कथा वेगळ्या वेषात समोर आल्यासारखे वाटते. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी, जेथे सुखरूप लागू तेथे मंदिर बांधू, असा नवस मेरीमातेला केला, ते या वाळूवर लागले तो दिवस 8 सप्टेंबरचा, म्हणजे मातेच्या जन्माचा होता, आणि पुढच्या सफरींत त्यांनी आणलेल्या चिनी मातीच्या बशा वेदीभोवती बसविल्या गेल्या, अशी परंपरा आहे. त्याहीपूर्वीची मानलेली गोष्ट ताक विकणाऱ्या एका पांगळ्या पोराची आहे. मातेने त्याच्याकडे बाळासाठी ताक मागितले आणि त्याचे पाय चालते झाले. 29 ऑगस्टला ध्वज चढतो आणि 8 सप्टेंबरपर्यंत भगवी वस्त्रे नेसलेले यात्रेकरूंचे जथे दूरदूरच्या गावांहून पायी येत राहतात. कोणी मुंडन करवितात, कोणी नारळाचे रोप वाहतात, आणि कित्येक स्त्री-पुरुष वाळूच्या लांब वाटेवरून गुडघ्यांवर सरकत देवालय गाठतात. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहिलेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे नवल वाटणार नाही. तीही जत्रा याच 8 सप्टेंबरच्या सणाला जोडलेली आहे, आणि मुंबई-वसईकडील कितीतरी कुटुंबे दोन्ही ठिकाणी जातात.

26 डिसेंबर 2004 च्या रविवारी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सुनामीची लाट या किनाऱ्यावर आदळली. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत कोळीवाड्यांतील बायका-मुले होती, तसेच वेळांकण्णीच्या पुळणीवर आलेले यात्रेकरूही होते. प्रेतांची ओळख पटविण्यालाही अवसर नव्हता तेव्हा नागूरच्या दर्ग्याने आपल्या जागेत जातधर्म न विचारता त्यांना माती दिली. प्रतापसिंहाच्या मनोऱ्याचे चित्र टिपून परत फिरणाऱ्या प्रवाशाने ही गोष्ट अवश्य माहीत करून घ्यावी.

नागपट्टिणमच्या उत्तरेस तरंगंबाडी आहे. 1620 मध्ये रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाशी करार केला आणि डेनिशांनी येथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे 1845 साली त्यांनी हे ठाणे इंग्रजांना विकून टाकले. किल्ल्याजवळचे मासिलामणिनाथाचे मंदिर मात्र डेनिशांच्याही आधीचे, पांड्यांच्या अमदानीतले. त्याचा पुढचा भाग समुद्राने गिळला आहे. गावाच्या राजरस्त्यावरून चालताना झीगेनबाल्गचे स्मरण होते. 1706 मध्ये आलेल्या या जर्मन धर्मोपदेशकाने तमिळ भाषा आत्मसात केली, छापखाना घातला आणि बायबलाचा नवा करार तमिळमध्ये छापून काढला. त्याच परंपरेतला श्वार्ट्झ पुढे तंजावरास गेला आणि बाल सरफोजीराजांचा शिक्षक व पालक झाला. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह, मोडी दफ्तरे आणि वैद्यकाचे प्रयोग यांमागे उभा असलेला तो जिज्ञासू राजा घडविण्यात तरंगंबाडीचा असा वाटा आहे.

याच सरफोजी महाराजांच्या छत्रांचा विषय टाळून या मुलखाचे वर्णन पुरे होत नाही. तंजावराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांनी, बहुधा राण्यांच्या नावाने, अन्नछत्रे घातली होती. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध आहे. 1799 साली राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर महाराजांनी आपल्याकडे जे राखून ठेवण्यासाठी कळकळीने खटपट केली, त्यांत ही छत्रे होती. 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेथील व्यवस्था बारकाईने सांगितली आहे: ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी-जंगमापासून फकिरापर्यंत सर्वांना शिजवलेला भात मिळतो, जे तो खात नाहीत त्यांना शिधा मिळतो, मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी असेल तर यावे, अशी पुकार होते, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीला शुश्रूषा आणि अनाथ पोराला शिक्षण मिळते. राज्य गेलेल्या राजाने तलवारीचा मान मागण्याऐवजी ही घंटा वाजवीत राहण्याचा अधिकार मागावा, याहून थोर राजधर्म मला सुचत नाही.

मल्लिपट्टिणमजवळ किनाऱ्यावरच त्यांनी 1814-15 च्या सुमारास नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ बांधलेला षट्कोनी, आठ मजली मनोरा आहे. त्यावर मराठी लेखही आहे. वास्तू देखणी खरी, तथापि परक्यांच्या विजयाचे ते स्मारक पाहून मराठी मन उचंबळत नाही, आणि ज्याच्यापाशी वेळ थोडा असेल त्याने तो नागूरला द्यावा. त्याच दिशेला वेदारण्यम लागते, जेथे 1930 साली राजाजींनी तिरुचिरापल्लीहून पायी येऊन मिठाचा कायदा मोडला. मिठागरे आजही आहेत, आणि पलीकडे कोडियक्करैच्या दलदलीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

प्रवासाला पौष-माघ उत्तम, कारण तेव्हा वादळी पाऊस सरलेला असतो आणि उन्हाळ्याची काहिली सुरू झालेली नसते. कंदुरी पाहायची असल्यास मात्र पंचांगावर विसंबू नये. ती हिजरी चांद्रवर्षाप्रमाणे दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा तारीख आधी विचारूनच निघावे.