बर्ड फ्लूचा अंदाज आधी बांधता येतो का?

आज आपण बंगळूरुच्या उत्तर भागात, येलहंक्याला जाऊ या. तिथे ‘निवेदी’ ही भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. जनावरांच्या साथींचा अभ्यास करणं हे तिचं काम. आधीच्या साथी, पाऊस, तापमान, जनावरांची संख्या असा सगळा हिशेब मांडून कोणत्या जिल्ह्यात कोणत्या रोगाचा धोका आहे, हे ती दोन महिने आधी सांगते. घटसर्प, फऱ्या अशा रोगांत याचा मोठा उपयोग होतो, कारण लस वेळेत टोचता येते.

मग बर्ड फ्लूचंही असंच सांगता येईल का?

येलहंक्यापासून जवळच हेसरघट्टा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या कुक्कुटपालन केंद्रात टर्की पक्षी मरू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि एच५एन१ विषाणू सापडला. सरकारी केंद्र, जाणकार माणसं हाताशी, तरी विषाणू आत शिरलाच.

असं का होतं? या विषाणूचं मूळ घर म्हणजे रानटी पाणपक्षी. काही बदकं स्वतः आजारी न पडता तो विष्ठेतून सोडत राहतात. थंड पाण्यात तो बरेच दिवस टिकतो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर मुक्कामाला असतो. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर याच जातीचे हंस मोठ्या संख्येनं एच५एन१ने मेले. तेव्हापासून शास्त्रज्ञ अशा पक्ष्यांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर बसवून त्यांचे मार्ग नकाशावर उतरवतात.

पण सगळा दोष पाहुण्या पक्ष्यांच्या माथी मारून चालणार नाही. कोंबड्यांचे पिंजरे, अंड्यांचे ट्रे, गाडीची चाकं, माणसाचे बूट यांतूनही विषाणू गावोगाव फिरतो. म्हणून नकाशावर तलावांसोबत पोल्ट्री फार्म आणि जिवंत कोंबड्यांचे बाजारही मांडावे लागतात.

या सगळ्यातून काय कळतं? तारीख नाही कळत. कुठे आणि कोणत्या महिन्यांत डोळ्यांत तेल घालून बघायचं, ते कळतं. पावसाचा अंदाज छत्री घ्यायला सांगतो. पहिला थेंब कुणाच्या अंगणात पडेल ते सांगत नाही. तसंच हे.

पुढचं काम माणसांचं. तलावाकाठची विष्ठा, कोंबड्यांच्या घशातले नमुने गोळा करायचे, प्रादेशिक प्रयोगशाळेत तपासायचे आणि शेवटची खात्री भोपाळहून करून घ्यायची. रोग सापडला, की भोवतालच्या १ किलोमीटरमधल्या कोंबड्या नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात.

इथे खरी कसोटी वेळेची असते. भारतातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघड झाली. कोंबड्या मरत होत्या, पण सुरुवातीला संशय राणीखेत रोगाचा होता. दोन्ही रोगांची लक्षणं इतकी सारखी, की नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून तपासणी टाळून चालत नाही.

आणि शेतकरी ती का टाळतो? बातमी फुटली की भाव कोसळतो, शेड रिकामी होते. सरकार नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देतं, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवून ठेवलेला प्रत्येक दिवस त्याच्याच खिशातून जातो. पण ही गोष्ट त्याला आधी कुणी सांगायला हवी, आणि पैसे वेळेवर मिळतील याचा भरवसाही हवा. तो नसेल, तर सर्वांत हुशार संगणकापर्यंतही बातमी उशिराच पोहोचेल.

म्हणून तुमच्या गावात अचानक कावळे, बदकं किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर हात लावू नका, परस्पर पुरू नका, नदीनाल्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. साथीची पहिली चाहूल उपग्रहाला लागत नाही. ती लागते सकाळी खुराड्याचं दार उघडणाऱ्या माणसाला.