विश्लेषण : जुन्या बाइकचा हेडलाइट मंद का पडतो? बल्ब, वायरिंग, टायर, अलॉय... घरच्या घरी काय बदलावे, काय नाही?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी तो चिखलाने माखलेला असतो. अशा रस्त्यावर पंधरा वर्षे जुन्या बाइकचा पिवळट, मिणमिणता हेडलाइट पुरत नाही. मग मोबाइलवरून स्वस्तातला एलईडी बल्ब मागवला जातो. त्याच्या जोडीला रुंद टायर किंवा अलॉय व्हीलचा विचार सुरू होतो. पण या खर्चातून रात्रीचा प्रवास खरेच सुरक्षित होतो का? १९९४ मध्ये आलेली आणि आजही गावोगावी धावणारी हिरो होंडा स्प्लेंडर डोळ्यांसमोर ठेवून हे समजून घेऊ.

किती अंतरापर्यंत दिसायला हवे?

ताशी ६० किमी वेगात बाइक सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर सरते. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील असे धरले, तरी थांबायला आणखी २८ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५३ मीटर. हाच हिशेब ताशी ४० किमी वेगाला जेमतेम २९ मीटर येतो.

जुन्या बाइकच्या डिपरचा उजेड ३० मीटरपर्यंतच पडत असेल, तर ताशी ६० किमी वेगात ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे दिवा सुधारणे ही हौस नाही, गरज आहे. प्रश्न फक्त तो कसा सुधारायचा, हा आहे.

दिवा मंद होण्याचे खरे कारण काय?

बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतो. बल्बपर्यंत पोहोचणारी वीज कमी पडते. फिलामेंटच्या बल्बचा एक गुणधर्म लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्होल्टेज १० टक्के घटले, तर उजेड १० नव्हे, जवळपास ३० टक्के घटतो. गंजलेली अर्थिंग, हँडलवरच्या स्विचमधले काळे पडलेले पॉइंट, बल्ब होल्डरचे सैल झालेले टर्मिनल अशा प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्टेज खर्च होते आणि शेवटी बल्बच्या वाट्याला उरलेसुरले येते.

दुसरे कारण म्हणजे रिफ्लेक्टर. आतली चकाकी उडाली असेल किंवा काच आतून धुरकट झाली असेल, तर कितीही चांगला बल्ब लावा, उजेड रस्त्यावर पोहोचत नाही. रिफ्लेक्टर फडक्याने घासून चकाकी परत येत नाही, उलट उरलेला थर निघतो. अशा वेळी त्याच मॉडेलचे नवे हेडलाइट युनिट बसवणे हाच उपाय.

घरी काय तपासता येईल?

एक साधा मल्टिमीटर घ्या. हेडलाइट चालू ठेवून बल्ब होल्डरची अर्थिंगची वायर आणि चेसिसचा रंग खरवडलेला भाग यांच्यामधले व्होल्टेज मोजा. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये अर्थिंगची वायर हिरवी, अप्परची निळी आणि डिपरची पांढरी असते. इथे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर अर्थिंग खराब आहे. बोल्ट काढून, गंज पॉलिश पेपरने साफ करून घट्ट बसवला की बऱ्याचदा दिवा लगेच उजळतो. याला खर्च जवळपास शून्य.

आपली बाइक एसी की डीसी?

बल्ब मागवण्याआधी हे माहीत असायलाच हवे. इंजिन बंद ठेवा, चावी फिरवा आणि हेडलाइटचा स्विच सुरू करा. दिवा लागला तर हेडलाइट बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालतो. तो लागलाच नाही आणि इंजिन सुरू केल्यावर रेस दिली की उजळत असेल, तर तो थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी विजेवर चालतो. जुन्या स्प्लेंडरसह १०० सीसीच्या अनेक बाइकमध्ये हीच रचना आहे. सिग्नलला थांबल्यावर दिवा मंदावतो, तो याचमुळे.

मोजताना मल्टिमीटरही त्यानुसार एसी किंवा डीसीवर ठेवावा. एसी असेल, तर होल्डरवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. रेग्युलेटर विजेची लाट कापत असल्याने साधा मीटर तिथे चुकीचा आकडा दाखवू शकतो. अर्थिंगची वरची चाचणी मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते.

एलईडी बल्ब टाकला तर काय होते?

एसी विजेवर साधा एलईडी बल्ब लुकलुकतो आणि लवकर जातो. पण मोठा प्रश्न फोकसचा आहे. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. एलईडी चिपची जागा आणि आकार फिलामेंटसारखा नसला, तर हा हिशेब बिघडतो. उजेड सगळीकडे विखुरतो. चालवणाऱ्याला आपल्या चाकापुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून समाधान वाटते. प्रत्यक्षात लांबचे कमीच दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. डोळे दिपलेला तो स्वार आपल्याच दिशेने येत असतो, हे विसरू नये.

९० किंवा १०० वॅटचा बल्ब चालेल का?

नाही. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला सुमारे ३ अँपियर करंट घेतो, १०० वॅटचा ८ अँपियरपेक्षा जास्त. स्प्लेंडरची कॉइल, स्विच आणि वायर या भारासाठी केलेलीच नाहीत. परिणामी होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि उजेडही अपेक्षेएवढा मिळत नाही, कारण कॉइल तेवढी वीज देऊ शकत नाही. त्याच मापाचा, नामांकित कंपनीचा ३५ वॅटचा नवा हॅलोजन बल्ब हाच योग्य पर्याय. बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल काचेवर राहिले की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

रिले कुणी लावावा?

डीसी हेडलाइट असलेल्या जुन्या बाइकला रिले खरोखर उपयोगी आहे. त्यात बॅटरीपासून जाड वायरने थेट बल्बला वीज मिळते आणि हँडलवरचा स्विच फक्त रिले चालू-बंद करतो. बॅटरीजवळ फ्यूज टाकणे मात्र विसरू नका. फ्यूज नसलेली वायर चेसिसला घासली, तर आग लागू शकते.

एसी हेडलाइटला नेहमीचा रिले चालत नाही, तो थरथरतो. ‘सरळ बॅटरीवर जोडून टाकू’ हा सल्लाही घातक आहे. किकवाल्या जुन्या स्प्लेंडरची बॅटरी अवघी २.५ अँपियर-अवरची असते. हेडलाइट एकटाच ती तासाभराच्या आत उतरवेल. पूर्ण डीसी करायचे, तर कॉइलची जोडणी आणि रेग्युलेटर दोन्ही बदलावे लागतात. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

फोकस कसा लावायचा?

रात्री सपाट जागेवर बाइक भिंतीसमोर १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये योग्य हवा असू द्या आणि एकाला सीटवर बसवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खूण करा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे नेहमी कुणी बसत असेल, तर त्यांनाही बसवूनच फोकस लावा. मागे वजन आले की पुढचा दिवा वर उचलला जातो.

मागच्या दिव्याचे काय?

आपल्याला दिसणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपण इतरांना दिसणे. ब्रेक लाइटचा स्विच आणि मागचा लाल रिफ्लेक्टर आधी तपासा. इंडिकेटरला एलईडी लावले, तर जुना फ्लॅशर गडबडतो, कारण तो दोन १० वॅटच्या बल्बच्या करंटवर चालतो. त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो.

आता चाकांकडे : टायर कधी बदलावा?

टायर गोटा झाल्यावर तर बदलायचाच, पण त्याचे वयही पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली, तरी कडेला बारीक चिरा पडलेला टायर पावसात घसरतो. नवा घेतानाही हे आकडे वाचूनच घ्या.

जाड टायरने पकड वाढते का?

जुन्या स्प्लेंडरला पुढे-मागे २.७५-१८ मापाचा टायर येतो. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला की तो कडेने आवळला जातो, त्याचा आकार गोलसर होतो आणि वळणावरची पकड अपेक्षेप्रमाणे मिळत नाही. शिवाय तो चेन कव्हर किंवा मडगार्डला घासू शकतो. पुढच्या चाकाचा घेर वाढला, तर स्पीडोमीटरही चुकतो, कारण त्याची केबल पुढच्या चाकावरूनच फिरते. घेर ३ टक्के वाढला, तर प्रत्यक्ष ६० च्या वेगाला काटा ५८ दाखवेल.

तारांच्या चाकाला ट्यूबलेस चालेल का?

साध्या तारांच्या रिमला प्रत्येक तारेसाठी छिद्र असते आणि तिथून हवा गळते. सीलंट किंवा टेप लावून हवा थोपवता येते. पण ट्यूबलेस टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा या रिमला नसतो. हवा कमी झाली, तर टायर रिमवरून सुटण्याचा धोका राहतो. त्यामुळे तारांचे चाक असेल, तर चांगला टायर आणि दर वेळी नवी ट्यूब, हेच बरे.

अलॉय बसवायचेच असतील, तर त्याच मॉडेलच्या अलॉय आवृत्तीचे, कंपनीचे घ्या. ड्रमचा व्यास, एक्सल, स्पेसर आणि स्पीडोमीटरचा गिअर जुळतो की नाही, हे आधी पाहा. बाजारातली स्वस्त नक्कल खड्ड्यात तडकू शकते. तारांचे रिम वाकले, तर निदान आउट काढता येतो.

तारा तपासणे सोपे आहे. चाक उचलून प्रत्येक तारेवर पान्याने हलके टिचका मारा. घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. आउट काढण्याचे काम मात्र सराव असलेल्या कारागिराचे. चाक हलवल्यावर बाजूला खेळत असेल, तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली आहे.

कायदा काय सांगतो?

आरसीमधली माहिती आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असाच दिवा हवा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी होते, तेव्हाही हे बदल अडचणीचे ठरू शकतात.

मग पैसे कुठे घालायचे?

क्रम असा ठेवा : आधी अर्थिंग आणि टर्मिनलची सफाई, मग फोकस, मग कंपनीच्या मापाचा बल्ब, गरज असेल तर नवे हेडलाइट युनिट. चाकांत आधी हवा, तारा आणि बेअरिंग, मग मूळ मापाचे ताजे टायर आणि त्यांच्याबरोबर ब्रेक शू. यातली पहिली दोन कामे जवळजवळ फुकट आहेत आणि रविवारच्या सकाळी अंगणात होतात. एवढे करूनही डिपरचा उजेड ३० मीटरच्या पुढे जात नसेल, तर रात्री वेग ताशी ४० किमीच्या आतच ठेवा.