संकेतस्थळावरील कीड-सल्ला : मजकूर कोठे, विजेट कोठे?

म्हैसूर शहरात रेशीम आणि भाषा या दोन विषयांच्या राष्ट्रीय संस्था आहेत. केंद्रीय रेशीम मंडळाची केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६१ पासून, तर भारतीय भाषा संस्था १९६९ पासून येथे कार्यरत आहे. पहिल्या संस्थेने विकसित केलेला तुतीचा व्ही-१ वाण आणि सीएसआर मालिकेतील रेशीम कीटकांचे संकर महाराष्ट्रातील उत्पादकांच्या परिचयाचे आहेत. दुसऱ्या संस्थेने २०१६ मध्ये 'भारतवाणी' हे बहुभाषिक ज्ञानपोर्टल सुरू केले. शेतकऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या डिजिटल सल्ल्याला या दोन्ही विद्यांची गरज असते : किडीचे अचूक ज्ञान आणि ते मराठीत स्वच्छ वाचता येईल अशी मांडणी.

आज अनेक कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्रगतिशील शेतकऱ्यांचे गट स्वतःचे संकेतस्थळ चालवितात. ते सांभाळण्याचे काम बहुधा विस्तार कार्यकर्त्याकडेच येते. त्यामुळे संकेतस्थळाच्या थीममध्ये मजकूर आणि विजेट कसे जोडावे, हा प्रश्न आता पीक संरक्षणाचाही भाग झाला आहे.

थीम, मजकूर आणि विजेट

थीम म्हणजे संकेतस्थळाचे बाह्य रूप : रंग, अक्षरे, स्तंभ आणि मोकळ्या जागांची रचना. मजकूर हा पृष्ठाच्या मुख्य भागात असतो. विजेट हा कडेपट्टीत किंवा तळपट्टीत बसविलेला छोटा घटक असतो. त्यात हवामान, दिनदर्शिका, संपर्क किंवा चार ओळींची सूचना देता येते. वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीत विजेटची सोय २००७ पासून मूळ रचनेतच आहे. २०२१ पासून विजेटच्या जागी मजकुराचे, चित्राचे वा तक्त्याचे 'ब्लॉक' थेट ठेवता येतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. थीमच्या मूळ फाइलमध्ये लिहिलेला मजकूर थीम अद्ययावत होताच पुसला जातो. विजेटमधील मजकूर माहितीकोशात साठत असल्याने अद्ययावतीकरणानंतरही टिकतो. मात्र थीमच बदलली, तर काही विजेट निष्क्रिय यादीत जाऊ शकतात. म्हणून थीम बदलल्यावर प्रत्येक विजेट तपासून पाहावे.

जुनी शिफारस, नवे नुकसान

विजेटचे बळ हेच त्याचे दौर्बल्यही आहे. एकदा तळपट्टीत बसविलेली सूचना संकेतस्थळाच्या प्रत्येक पृष्ठावर दिसते आणि लिहिणाराच ती विसरून जातो. तुतीवरील पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी (डायफॅनिया पल्व्हेरुलेंटॅलिस) एकेकाळी डायक्लोरव्हॉसची शिफारस होत असे. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून या कीटकनाशकावर देशात संपूर्ण बंदी आहे. तथापि त्यापूर्वी लिहिलेली सूचना कोणी काढली नाही, तर ती आजही नव्या सल्ल्याच्या शेजारी त्याच अधिकाराने उभी राहते.

रेशीमशेतीत याची किंमत लगेच मोजावी लागते. पाने गुंडाळणारी अळी आणि रेशीम कीटक या दोन्ही पतंगवर्गीय अळ्याच आहेत. एकीला मारणारे औषध दुसरीलाही सोडत नाही. फवारणीनंतरचा सुरक्षित कालावधी पूर्ण होण्याआधी पाला दिला, तर संपूर्ण बॅच हातची जाते. म्हणून रसायनाचे नाव, मात्रा आणि सुरक्षित कालावधी विजेटमध्ये कधीही लिहू नये. ही माहिती एकाच मुख्य पृष्ठावर दिनांकासह द्यावी आणि विजेटमध्ये केवळ त्या पृष्ठाची जोडणी ठेवावी. शिफारस बदलली, की एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते.

विजेटमध्ये काय शोभते?

जे रोज बदलते आणि क्षणात वाचता येते, तेच विजेटमध्ये ठेवावे. हवामान हे त्याचे उत्तम उदाहरण. चॉकी अवस्थेत २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. प्रौढ अवस्थेत सुमारे २४ ते २५ अंश व ६५ ते ७५ टक्के आर्द्रता पुरते. स्थानिक हवामानाच्या आकड्यांशेजारी ही मर्यादा दिली, तर संगोपनगृहात खिडक्या उघडाव्यात की ओली गोणपाटे लावावीत, याचा निर्णय शेतकरी स्वतः घेऊ शकतो. भारतीय हवामान विभागाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्याची जोडणीही येथे योग्य ठरते.

दुसरे उदाहरण उझी माशीचे (एक्झोरिस्टा बॉम्बिसिस). १९८० मध्ये कर्नाटकात शिरलेल्या या माशीच्या कोषांवर उपजीविका करणारा नेसोलिंक्स थायमस हा परोपजीवी कीटक जैविक नियंत्रणासाठी वापरतात. तो पाचव्या अवस्थेत, वेळेवर सोडावा लागतो. अशा ठिकाणी 'आपले कीटक कितव्या अवस्थेत आहेत?' असा अवस्थानिहाय छोटा तक्ता लांबलचक लेखापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मोबाइलवरील क्रम

कार्यालयातील संगणकावर कडेपट्टी उजवीकडे ठळक दिसते. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र बहुतेक थीममध्ये तीच कडेपट्टी मुख्य मजकुराच्या खाली, पृष्ठाच्या तळाशी जाते. तातडीचा इशारा कडेपट्टीत ठेवला, तर ज्याच्यासाठी लिहिला त्यालाच तो सर्वांत शेवटी दिसतो. म्हणून इशारा मुख्य मजकुराच्या पहिल्या परिच्छेदात असावा.

देवनागरीची काळजी

अनेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडविलेल्या असतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये जादा अंतर ठेवणाऱ्या थीममध्ये शिरोरेषा तुटते; ओळींमधील अंतर कमी असेल, तर वेलांट्या व उकार छाटले जातात. 'कीड' आणि 'कोड' यांतील फरक एका मात्रेचाच असतो. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर चिकटवल्यास निरर्थक चिन्हे उमटतात. संपूर्ण सल्ला चित्ररूपात टाकणेही टाळावे. चित्रातील शब्द शोधयंत्राला सापडत नाहीत आणि कमकुवत नेटवर्कवर चित्र उघडण्यास वेळ लागतो. पृष्ठाची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी. त्यामुळे ल आणि श यांची मराठी वळणे दाखविणे ब्राउझरला शक्य होते.

प्रसिद्धीपूर्व तपासणी

१. प्रत्येक सल्ल्यावर प्रसिद्धीचा आणि फेरतपासणीचा दिनांक आहे काय?
२. बंदी असलेल्या कीटकनाशकाचे नाव मजकुरात, विजेटमध्ये वा तळपट्टीत कोठे उरले आहे काय?
३. पृष्ठ साध्या मोबाइलवर उघडून पाहिले आहे काय?
४. थीम बदलल्यावर किंवा अद्ययावत केल्यावर सर्व विजेट जागेवर आहेत काय?
५. जबाबदार तज्ज्ञाचे पदनाम व कार्यालयाचा संपर्क स्पष्ट आहे काय?

दर हंगामाच्या प्रारंभी, तुतीची छाटणी होताच, अर्धा तास काढून ही तपासणी करावी. नवा सल्ला लिहिण्याइतकेच जुना सल्ला वेळेवर उतरविणे हेही विस्तारकार्यच आहे.