घाटांतील बोगद्यापासून नव्या नगरापर्यंत

देहूरोडच्या स्थानकावरून पुढें गेलेली मुंबईची गाडी लोणावळें ओलांडून घाट उतरूं लागली, कीं एकामागून एक बोगदे येतात. त्यांपैकीं कांहींच्या खोदाईंत एका एतद्देशीय बांधकाम कंपनीचा उदय दडलेला आहे, हें खिडकीशीं बसलेल्या प्रवाशाला सहसा ठाऊक नसतें.

घाटांतील मूळ लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याचें कंत्राट इंग्रज ठेकेदारांकडे होतें. त्यांपैकीं सॉलोमन ट्रेडवेल हा येथें आल्यावर अल्पावधींतच वारला आणि उरलेलें काम त्याची पत्नी ॲलिस हिनें तडीस नेलें. दगड फोडणारे हात मात्र येथलेच. रोगराईनें व अपघातांनीं दगावलेल्या मजुरांची गणती हजारांनीं करतात. नांव आणि नफा परक्यांचा राहिला, याला राजसत्ता परकी होती हें एक कारण. परंतु दुसरेंही आहे. ठेकेदारीच्या धंद्यांत काम आधीं, मोजमाप मागाहून आणि पैसा त्याहूनही मागाहून! अनामत भरून, बिल हातीं येईपर्यंत मजुरी व सामानसुमान पदरच्या पैशानें चालविण्याची ऐपत ज्याच्यापाशीं नाहीं, त्याचें कौशल्य कितीही असो, मोठा ठेका त्याला पेलत नाहीं.

हें भांडवल उभें करण्याची धमक सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या अंगीं होती. घराणें सावकारी व कापसाच्या व्यापारांतलें. त्यांत त्यांचें मन रमेना. रेल्वेंतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशीं भागी करून ते रेल्वेच्या बांधकामांत शिरले. बार्शी लाईट रेल्वेसारख्या अरुंद मार्गाच्या कामापासून आरंभ झाला. पुढें टाटांच्या बांधकाम कंपनीशीं त्यांचा संबंध जुळला आणि १९२६ सालीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटांतील नवे बोगदे हें या उद्योगसमूहाच्या आरंभीच्या मोठ्या कामांपैकीं एक होय. तोंवर खंडाळ्याजवळ गाडी थांबवून तिची दिशा उलटी करावी लागे. १९२९ सालीं नवा मार्ग सुरू झाल्यावर ती यातायात संपली. तानसा तलावाचें पाणी मुंबईस आणणारे नळ टाकण्याचें कामही वालचंदांच्याच व्यवस्थेखालीं झालें. शहरवासी तोटी उघडतो, नळ कोणीं टाकले तें विचारीत नाहीं!

स्वातंत्र्यानंतर कामांचा व्याप वाढला. कोयनेचें धरण याच कंपनीनें बांधलें. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत त्याला तडे गेले, तरी भिंत उभी राहिली. मागाहून ती बळकट करण्यांत आली. गंगेवरील फराक्का बंधारा, आणि २००९ सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी पूल, हींही तिचींच कामें.

या सर्व कामांत मालक निराळा व ठेकेदार निराळा होता. पाणी विकलें जावो वा न जावो, बांधणाऱ्याचें बिल मोजमापावर ठरे. मोसे नदीच्या खोऱ्यांत लवासा वसवितांना ही मर्यादा ओलांडली गेली. २००१ सालीं राज्य सरकारनें मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गांवांचा प्रदेश गिरिस्थानासाठीं जाहीर केला. तेथें नगर उभारणारी लवासा कॉर्पोरेशन ही हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनचीच उपकंपनी. २००८ सालीं तिलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले. देहूरोडची वस्ती लष्करी कोठारांभोवतीं वाढली, पण तिचे रस्ते व दिवाबत्ती पाहावयास छावणी मंडळ होतें. लवाशांत जमीन विकसित करणारी आणि बांधकामाला परवानगी देणारी संस्था एकच! कारभाराच्या दृष्टीनें ही रचना सोयीची खरी, पण चूक दाखविणारा तिऱ्हाईत तींत उरत नाहीं.

नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविलें. वर्षभरानें सशर्त परवानगी मिळाली, तरी नगर उभारण्यास घेतलेल्या कर्जाचें व्याज कामाबरोबर थांबत नसतें. २०१७ सालीं नियोजनाचे अधिकार काढून घेण्यांत आले आणि ऑगस्ट २०१८ मध्यें उपकंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणानें दाखल करून घेतलें. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन घरांसाठीं आगाऊ पैसे भरणारे लोक धनको ठरले. त्यामुळें तलावाकांठीं घर घेऊं पाहणारीं कुटुंबें बँकांच्या शेजारीं दावेदारांच्या यादींत येऊन बसलीं.