धवळ्यांची आद्य कवयित्री

भिवंडीहून वाड्याकडे निघालेल्या वाटसरूने लग्नसराईच्या दिवसांत अंबाडी नाक्यावर उतरावे आणि आसपासच्या एखाद्या आगरी मांडवात घटकाभर बसावे. नवऱ्या मुलीला हळद लागत असते आणि बाजूला बसलेली वयस्क धवलारीण, म्हणजे लग्नगीते गाणारी बाई, हाती ना पोथी ना कागदाचा चिटोरा, केवळ स्मरणाच्या दफ्तरातून विधीविधीला साजेसा एकेक धवला काढून गात असते. मराठीच्या आद्य कवयित्रीची कीर्ती अशाच लग्नगीतांवर उभी आहे, ही हकीकत मात्र त्या मांडवात फार थोड्यांना ठाऊक असते.

ती कवयित्री म्हणजे महदंबा ऊर्फ महदाइसा. बालवयातच वैधव्य आलेली ही स्त्री महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामींच्या शिष्यपरिवारात दाखल झाली. पुढे या पंथाचे आचार्यपद भूषविणारे नागदेव तिचे आप्तच. ‘लीळाचरित्र’ या म्हाइंभटांनी लिहिलेल्या स्वामींच्या चरित्रात ती भेटते ती बहुधा प्रश्न विचारताना. भीड नाही, संकोच नाही, शंका फिटेपर्यंत ती पुसतच राहते. आणि स्वामी तिला ‘म्हातारी’ म्हणत तिच्या जिज्ञासेची वाखाणणी करतात. विधवेने माजघराच्या अंधारात दिवस कंठावे अशा त्या काळात ही मुभा केवढी मोलाची होती!

पुढे ऋद्धिपुरास, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास, तिचा मुक्काम असताना स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना विवाहाची लहर आली. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला, धवळे गाण्याची आज्ञा महदाइसेला झाली, आणि कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा घेऊन ती तेथल्या तेथे पदे रचीत गात गेली. ‘ज्ञानेश्वरी’ 1290 साली सिद्ध झाली. हे ‘धवळे’ तिच्या थोडे आधीचे.

महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जतन केल्यामुळे महदाइसेचे काव्य शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिले, पण लिहिलेले होते म्हणून विसाव्या शतकात त्या लिपीचा उलगडा होताच ते पुन्हा हाती लागले. धवलारणीच्या गाण्याला असा लेखी आधार नाही. ती गेली की तिचे धवलेही जातात. अंबाडी परिसरात ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनी येत्या लग्नसराईपूर्वी एक वही घेऊन तिच्यापाशी बसावे, तिचे धवले तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहावे.