अडलेल्या पावलाला तालाचा आधार

चालता चालता माणूस दारापाशी येतो आणि एकाएकी थबकतो. पुढे जायचे मनात असते, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पार्किन्सन म्हणजेच कंपवाताच्या अनेक रुग्णांना हा अनुभव येतो. दार, वळण, अरुंद बोळ ही अडण्याची नेहमीची ठिकाणे. खारेपाटणसारख्या गावातल्या जुन्या घरात तर उंबरठाही उंच असतो. तिथे तोल गेला तर खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती.

दुखणे पायांचे नसून मेंदूचे आहे. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटल्या की सवयीच्या हालचाली आपोआप होत नाहीत. मात्र बाहेरून ठेका मिळाला किंवा जमिनीवर आडवी रेघ दिसली, तर अडलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते. मेंदू तेव्हा दुसऱ्या वाटेने काम करतो, असे मानले जाते.

नृत्यात नेमका हाच उपयोग होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुण्यात कथक शिकलेले आणि जर्मनीत समकालीन नृत्याचे शिक्षण घेतलेले ऋषिकेश पवार यांनी असे वर्ग घेतले.

दोन्ही परंपरांची शिकवण वेगळी. पाश्चात्त्य समकालीन नृत्यात श्वास, शरीराचे वजन आणि जमिनीचा आधार यांकडे लक्ष असते. प्रत्येक हालचालीला अर्थ असावा, असा आग्रह नसतो. कथकात बोल तोंडाने म्हणायचे, ताल हाताने धरायचा, तोच पायांतून काढायचा. नजर आणि भावही सोबत हवेत. मन हुकूम देते आणि शरीर पाळते, ही समजूत मात्र दोन्हीकडे टिकत नाही.

अमेरिकेत २००९ च्या एका अभ्यासात टँगो आणि वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट करणाऱ्या रुग्णांची तुलना झाली. तोल दोन्ही गटांत सुधारला. पण ही जोडीने, एकमेकांना धरून करायची नृत्ये. आपल्याकडच्या आजी-आजोबांना परक्या माणसासोबत असे नाचणे अवघड वाटेल. भजनाचा टाळ, मृदंगाचा ठेका त्यांच्या अंगात मुरलेला असतो. त्या ठेक्यावर जागच्या जागी पावले टाकायला संकोच वाटत नाही. गरगर फिरायची फुगडी मात्र नको.

नृत्याने आजार बरा होत नाही. औषधे चालूच ठेवावीत, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात करावी आणि जवळ भक्कम खुर्ची ठेवावी. घरच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : पाऊल अडले की हात धरून ओढू नये. माणसाला सावकाश उभे राहू द्यावे, ‘एक, दोन’ असा ठेका द्यावा आणि पाऊल त्याचे त्याला उचलू द्यावे.